'माजी वॉर्ड' की 'पूर्वीचा वॉर्ड'?

प्रश्न असा आहे : शहरातल्या एका रद्द झालेल्या वॉर्डातल्या निवडणुकांचा इतिहास लिहायचा आहे. त्याला 'माजी वॉर्ड' म्हणावे का? आणि 'वॉर्ड' व 'प्रभाग' हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

'माजी' नको. हा शब्द मूळचा अरबी, अर्थ 'होऊन गेलेला'. मराठीत तो माणसांना लागतो : माजी महापौर, माजी नगरसेवक, माजी विद्यार्थी. पद सुटले तरी माणूस असतो, म्हणून तो माजी. वॉर्ड रद्द झाला की मागे उरतात गल्ल्या आणि घरे, आणि ती दुसऱ्या कुठल्या तरी प्रभागात गेलेली असतात. 'पूर्वीचा वॉर्ड' किंवा 'जुना वॉर्ड' म्हणावे. 'तत्कालीन'ही चांगला, पण वाक्यात काळ आधीच सांगितला असेल तर त्याची गरज उरत नाही. 'पूर्वाश्रमीचा' मात्र टाळावा. त्यात संन्यासाचा संदर्भ आहे.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. सरकारी मराठीत प्रतिनिधी एक असो वा चार, 'प्रभाग' हाच शब्द आहे. कार्यकर्ते आणि बातमीदार मात्र फरक करतात : एका जागेचा तो वॉर्ड, अनेक जागांचा तो प्रभाग. 'वॉर्ड पद्धतीने निवडणूक घ्या' या मागणीचा अर्थ 'एकसदस्यीय करा' असाच होतो. हा फरक इतिहास लिहिताना जपायलाच हवा, कारण महाराष्ट्रात ही पद्धत सारखी बदलत आली. महापालिकांत २००७ मध्ये एकसदस्यीय वॉर्ड होते; पुढे मुंबई वगळता २०१२ मध्ये द्विसदस्यीय आणि २०१७ मध्ये साधारणपणे चार सदस्यांचे प्रभाग आले. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१२ ला ६४ प्रभाग होते, २०१७ ला ३२. नगरसेवक दोन्ही वेळा १२८च. म्हणजे दोन्ही यादीत 'प्रभाग क्र. २०' सापडतो, पण तो एकच भाग असेल असे मुळीच नाही. पुण्यातही २०१२ मध्ये ७६ प्रभागांतून १५२ नगरसेवक निवडून आले आणि २०१७ मध्ये ४१ प्रभागांतून १६२.

म्हणून 'पक्षाने वॉर्ड राखला' हे वाक्य मला फार खटकते. हद्द बदलली, मतदार बदलले, तर राखले काय? तिथे 'या भागात पुन्हा त्याच पक्षाचा उमेदवार निवडून आला' असे लिहावे. शिवाय लगेच पुढे 'राखीव जागा' आली की वाचक गोंधळतो. महिलांचे आरक्षण सोडतीने ठरते. मावळत्या नगरसेवकाची जागा महिलांसाठी राखीव निघाली आणि त्याला उभे राहता आले नाही, तर तो हरला असे लिहिणे चूक आहे.

बहुसदस्यीय प्रभागात आणखी एक गफलत होते. 'प्रभाग १२ ब' हा प्रभागाचा छोटा तुकडा आहे असे समजून लोक त्याचा नकाशा शोधत बसतात. अ, ब, क, ड ही जागांची नावे आहेत, वस्त्यांची नव्हेत. चारही जागांचे मतदार तेच आणि प्रत्येक जण प्रत्येक जागेसाठी वेगळे मत देतो. तेव्हा 'प्रभाग १२ मधील ब जागा' असेच लिहावे. चारही जागांच्या मतांची बेरीज करून 'इतक्या लोकांनी मतदान केले' म्हणणे तर साफ चुकीचे, कारण त्यात एकच माणूस चारदा मोजला जातो.

मुंबईवर लिहायचे असेल तर वेगळी काळजी. तिथे बोलण्यात 'वॉर्ड' म्हणजे बहुधा ए, बी, सी असे प्रशासकीय विभाग, त्यांच्या कार्यालयांसह; नगरसेवक निवडून देणारे २२७ प्रभाग निराळे. 'जी-उत्तर वॉर्डातून निवडून आले' या वाक्यातून नेमका प्रभाग कळत नाही. तिथे प्रभागाचा क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकासोबत निवडणुकीचे वर्षही.