मोबाईलवर उजळ दिसणारा फोटो लॅबमधून काळपट का छापून येतो आणि छापण्यापूर्वी काय तयारी करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी मोबाईलवर काढलेला घरच्या सर्वांचा आडवा फोटो आपण जवळच्या कलर लॅबमधून ८×१० इंच आकारात छापून आणला. मोबाईलवर तो छान उजळ होता. कागदावर मात्र चेहरे काळपट आले, आजींच्या पैठणीचा हिरवा रंग मळकट झाला आणि उजव्या टोकाला उभ्या असलेल्या आत्या खांद्यापासून कापल्या गेल्या. आता तोच फोटो १२×१८ आकारात छापून दिवाणखान्यात लावायचा आहे.

मी गेली पंधरा वर्षे घरातील आणि नात्यातील कार्यांचे फोटो अशा लॅबमधून छापून घेत आलो आहे, आणि त्यातून माझे मत असे बनले आहे की फाइल देताना तिच्याबाबतचा एकही निर्णय लॅबवर सोडू नये. कोणता भाग कापायचा, किती उजळ करायचे, रंग कसे वाचायचे, यातले जे जे आपण ठरवत नाही ते ते यंत्र ठरवते किंवा यंत्रावर बसलेला माणूस ठरवतो, आणि पैठणी नेमकी कशी हिरवी होती हे त्याला माहीत असण्याचे काहीच कारण नाही.

काळपटपणाचे मूळ बहुधा लॅबमध्ये नसून आपल्या हातातल्या पडद्यात आहे. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, तर कागद त्याच्यावर पडलेला प्रकाश फक्त परतवतो. छपाईसाठी फोटो तपासताना पडद्याची उजळी दर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) असावी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते; आजचे मोबाईल सहज त्याच्या चौपट-पाचपट उजळ होतात. अशा पडद्यावर अंधारा फोटोही प्रसन्न दिसतो आणि तो उजळ करायला हवा हे लक्षातच येत नाही. मोजण्याचे उपकरण नसले तरी हरकत नाही. ज्या खोलीत फोटो लावायचा आहे त्याच खोलीत बसा, पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा, शेजारी साधा पांढरा कागद धरा आणि दोन्हींचा पांढरेपणा सारखा वाटेपर्यंत पडद्याची उजळी कमी करत जा. त्याआधी आपोआप उजळी बदलणारी सोय, डोळ्यांना आराम देणारा रात्रीचा पिवळसर पडदा आणि रंग भडक दाखवणारा ‘व्हिव्हिड’ मोड, हे तिन्ही बंद करावेत. आता फोटो पाहिलात, तर लॅबने दिलेल्या प्रिंटमधला काळपटपणा बराचसा पडद्यावरही दिसू लागेल.

यानंतर फोटो उजळ करताना सरसकट ब्राइटनेस वाढवू नये, कारण त्याने आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्यातल्या चुण्या आणि आजींच्या केसांच्या बटा सपाट पांढऱ्या होऊन जातात आणि कागदावर त्या परत येत नाहीत. संगणकावरच्या एडिटरमध्ये ‘कर्व्ह’ या उजळीच्या रेषेचा मधला भाग थोडा वर उचलावा, किंवा मोबाईलच्या एडिटरमध्ये ‘शॅडोज’ (गडद भागांची उजळी) हळूहळू वाढवावे. ग्लॉसी कागदावरचा सर्वांत पांढरा आणि सर्वांत काळा भाग यांतला फरक शे-दोनशे पटींच्या आसपास असतो, चांगल्या पडद्यावर तो हजारपटीहून जास्त असतो आणि मॅट कागदावर ग्लॉसीहूनही कमी. म्हणून सावलीतले जे चेहरे पडद्यावर जेमतेम ओळखू येतात ते कागदावर ओळखू येणार नाहीत, असे धरूनच चालावे.

रंगांविषयी मी थोडे सविस्तर लिहितो, कारण यात मी स्वतः मोठी चूक केली आहे. २०१४ साली मामेबहिणीच्या लग्नात मी कॅमेऱ्याची कलर स्पेसची, म्हणजे रंग आकड्यांत लिहिण्याच्या पद्धतीची, सेटिंग ‘अ‍ॅडोब आरजीबी’ ठेवली होती. त्यात जास्त रंग मावतात असे वाचले होते आणि ते खरेही आहे. पण ज्या लॅबमध्ये दोनशेहून अधिक प्रिंट काढल्या, तिथले सॉफ्टवेअर फाइलसोबतचे रंग-प्रोफाइल, म्हणजे तिच्यातले आकडे कोणत्या पद्धतीने वाचायचे हे सांगणारी नोंद, वाचतच नव्हते आणि येणारी प्रत्येक फाइल ‘एसआरजीबी’ या दुसऱ्या पद्धतीची आहे असे समजून छापत होते. हळदीचा पिवळा फिका पडला, कुंकू विटकरी झाले आणि नवरीचा चेहरा आठवडाभर तापातून उठल्यासारखा दिसू लागला. आकडे तेच राहिले होते, त्यांचा अर्थ बदलला होता. पैसे गेले त्याहून मामीचा उतरलेला चेहरा मला अधिक लागला. तेव्हापासून लॅबकडे जाणारी प्रत्येक फाइल मी एसआरजीबीमध्येच देतो. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेले हे प्रमाण पुढे आंतरराष्ट्रीय झाले, आणि किरकोळ छपाई करणाऱ्या लॅब बहुतांशी तेच धरून चालतात.

आपल्यालाही हे लागू आहे, कारण अनेक मोबाईल आता ‘डिस्प्ले पी३’ नावाच्या अधिक रुंद रंगपटात, म्हणजे एसआरजीबीहून जास्त रंग मावणाऱ्या पद्धतीत, फोटो साठवतात. आयफोनमध्ये २०१६ च्या आयफोन ७ पासून हे आहे. पैठणीच्या हिरव्याचे मळकट होणे यातूनच आले असण्याची बरीच शक्यता आहे. उपाय म्हणजे फोटो संगणकावर घेऊन, फोटोशॉपमध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या गिम्पमध्ये, ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ या सोयीने एसआरजीबी करावा. तिथेच ‘असाइन प्रोफाइल’ नावाची दुसरी सोय दिसेल, ती वापरू नये. ‘कन्व्हर्ट’ रंग तोच ठेवून आकडे बदलते, तर ‘असाइन’ आकडे तेच ठेवून रंग बदलते, म्हणजे माझ्या बाबतीत जो घोटाळा यंत्राने केला तो आपणच आपल्या हाताने करतो. फाइल जेपीईजी स्वरूपात, सर्वांत वरच्या दर्जाने सेव्ह करावी. काही मोबाईल फोटो ज्या स्वरूपात साठवतात ती एचईआयसी फाइल बऱ्याच काउंटरवर उघडत नाही.

कापाकापीचा हिशेब सरळ आहे. बहुतेक मोबाईलचा फोटो ४:३ प्रमाणात असतो, ८×१० हा कागद ५:४ आणि १२×१८ हा ३:२. फोटो ४०००×३००० पिक्सेलचा असेल, तर ८×१० साठी डाव्या-उजव्या बाजूंचे मिळून २५० पिक्सेल जातात, आणि शिवाय बिनकडांच्या प्रिंटमध्ये यंत्र चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर कापते. आत्या तिथे गेल्या. १२×१८ मध्ये मात्र त्या पूर्ण येतील, पण वर-खाली मिळून ३३३ पिक्सेल जातील, म्हणजे एक तर तोरण तरी जाईल नाही तर खाली बसलेल्या मुलांची पावले. हा निर्णय आपण घरी बसून घ्यावा: फोटो ३:२ प्रमाणात स्वतः क्रॉप करावा आणि फ्रेमची पट्टीही पाचेक मिलिमीटर झाकते हे लक्षात घेऊन कडेला थोडी मोकळी जागा सोडावी. काहीच कापायचे नसेल, तर फोटो पूर्ण ठेवून दोन बाजूंना पांढरी पट्टी जोडावी.

क्रॉपनंतर उरलेले ४०००×२६६७ पिक्सेल १८ इंचांवर पसरले की इंचाला सुमारे २२२ पिक्सेल मिळतात, आणि भिंतीवरच्या फोटोसाठी ते पुरेसे आहेत. तीनशेचा आग्रह हातात धरून पाहायच्या ४×६ प्रिंटसाठी ठीक आहे; फाइलवर नुसता ‘३०० डीपीआय’ (इंचाला ३०० ठिपके) असा शिक्का बदलल्याने तपशील वाढत नाहीत. मात्र हाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला आणि त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलवर आली, तर इंचाला जेमतेम ८९ पिक्सेल उरतात आणि पापण्यांच्या जागी काळे डाग दिसू लागतात. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी किंवा पेन ड्राइव्हवर द्यावी.

आता यंत्रातल्या आपोआप दुरुस्तीविषयी. लॅबचे सॉफ्टवेअर फोटोची सरासरी उजळी पाहून स्वतःच फेरफार करते, आणि त्यावर ऑपरेटर सियान, मॅजेंटा, यलो या रंगांच्या व डेन्सिटीच्या, म्हणजे गडदपणाच्या, कळांनी आपला हात फिरवतो. रिळांच्या काळात हे आवश्यकच होते, आणि अनुभवी ऑपरेटरची नजर आजही बिघडलेले फोटो सावरते. पण आपण एकदा काळजीने तयार केलेल्या फाइलवर तीच दुरुस्ती घातक ठरते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनींनी काळी चंद्रकळा नेसली होती; चौकटीचा बराचसा भाग काळा, म्हणून यंत्राने तो अंधारा फोटो समजून उजळला. चंद्रकळा राखाडी आली आणि हलव्याचे दागिने चेहऱ्यासकट पांढऱ्यात विरून गेले. म्हणून ऑर्डर देताना ‘करेक्शन करू नका, फाइल आहे तशी छापा’ असे सांगावे आणि पावतीवर लिहून घ्यावे.

ते खरोखर पाळले जाते का, हे पाहण्याची एक साधी युक्ती मी वापरतो. एकाच फोटोच्या दोन ४×६ फाइली करायच्या, एकीला रुंद पांढरी चौकट आणि दुसरीला तेवढीच रुंद काळी चौकट द्यायची, आणि दोन्ही एकदम छापायला द्यायच्या. चौकट झाकून पाहिल्यावर आतले चेहरे दोन्हींत सारखे असतील, तर करेक्शन बंद आहे. काळ्या चौकटीतले चेहरे अधिक उजळ आले, तर काउंटरवर पुन्हा बोलावे.

मोठी प्रिंट काढण्यापूर्वी आणखी एक नमुना आवर्जून काढावा. संपूर्ण फोटो लहान करून छापण्यापेक्षा, तयार फाइल ५४००×३६०० पिक्सेलची करून तिच्यातून १८००×१२०० पिक्सेलचा, आजी-आजोबांचे चेहरे आणि पैठणीचा काठ येईल असा तुकडा कापावा आणि तो ४×६ छापून घ्यावा. भिंतीवर लागणाऱ्या फोटोचा तो नववा हिस्सा अगदी त्याच मापात आपल्या हातात येतो: चेहरे तेवढेच मोठे, कण तेवढेच ठळक. काही लॅबमध्ये मोठे आकार वेगळ्या यंत्रावर निघतात, म्हणून नमुना १२×१८ ज्या यंत्रावर आणि ज्या कागदावर निघणार आहे त्यावरच काढायला सांगावा. मग तो दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन टाळून पाहावा, आणि शक्य असल्यास आजींची ती पैठणी कपाटातून काढून शेजारी धरावी. काठाचा रंग जुळला आणि आजोबांच्या डोळ्यांतली चमक दिसली, की तीच फाइल, त्यात काहीही न बदलता, पूर्ण आकारात छापायला द्यावी.