तीस हजारांतले साडेचार हजार

«ताई, मी २४ वर्षांचा आहे. बार्शीत एका सीएंकडे अकाउंट्सचं काम करतो. पगार १४ हजार, त्यातले ९ हजार घरी देतो. आता मुंबईत लोअर परळच्या एका कंपनीत ३ लाख ६० हजारांचं पॅकेज मिळालंय, म्हणजे महिना ३० हजार. बहिणीचं नर्सिंग चालू आहे, बाबांच्या टेम्पोचा हप्ता आहे, म्हणून निम्मे, १५ हजार, घरी पाठवीन असं सांगून बसलोय. डोंबिवलीत मित्रांच्या फ्लॅटवर चौथा म्हणून जागा आहे. वाट्याला भाडं ५ हजार, डिपॉझिट १५ हजार. दोन वेळचा डबा ४ हजार. माझ्याजवळ २२ हजार साठलेत. मामा म्हणतात, तीस हजारांत मुंबईत काय होत नसतंय. आई नुसती गप्प आहे. जाऊ का?
– बार्शीचा एक वाचक»

मामांचं जरा बाजूला ठेवू. तीस हजारांत आणि त्याहून कमीतही मुंबईत माणसं जगतात, लोकलच्या कुठल्याही डब्यात विचार. पण तुझ्या हातात तीस हजार पडणारच नाहीत. तू अकाउंट्सवाला, दुसऱ्यांची पगारपत्रकं तपासतोस, आणि स्वतःच्या पॅकेजला बाराने भागून मोकळा झालास!

बेसिक (मूळ पगार) निम्मं, म्हणजे १५ हजार धरू. त्यावर १२ टक्के पीएफ, १८०० रुपये, तुझे कापले जातील. कंपनी आपले १८०० घालते, पण ते बहुतेक ठिकाणी पॅकेजातच मोजलेले असतात. ग्रॅच्युइटीचे (बरीच वर्षं काम करून नोकरी सोडताना मिळते ती रक्कम) सातशेच्या वर, तेही पॅकेजातच. व्यवसाय कर महिना २००, फेब्रुवारीत ३००. हातात राहिले साडेपंचवीस हजार. पीएफ कुठे जात नाही, तो तुझाच आहे, पण डबेवाल्या मावशी तो घेत नाहीत. सही करण्याआधी कंपनीकडून सॅलरी ब्रेकअप मागून घे. माझ्या अंदाजात शे-पाचशेचा फरक पडेल, फार नाही.

आता खर्च. भाडं आणि डबा मिळून ९ हजार. लाइट, गॅस, वायफायचा वाटा हजारभर. चहा-नाश्ता २ हजार; सकाळी डोंबिवलीत पोहे आणि संध्याकाळी ऑफिसखाली वडापाव एवढंच धरलंय. पास दुसऱ्या वर्गाचा काढ, आणि तिमाही काढ, थोडा स्वस्त पडतो. पास आणि पावसाळ्यातली रिक्षा मिळून हजार. मोबाइल, साबण, कपडे, केस कापणं, एखादा ताप असे दीड हजार. दोन महिन्यांतून एकदा लातूर एक्स्प्रेसने बार्शी आणि घरी जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही, त्याचे महिन्याला हजार. बेरीज साडेपंधरा हजार.

उरतात १० हजार. तू कबूल केलेत १५. महिन्याला पाच हजारांचं भगदाड. ते पोरं कशाने बुजवतात ते मला येणाऱ्या पत्रांवरून ठाऊक आहे. आधी क्रेडिट कार्ड, मग मोबाइलवरचं लोन ॲप, मग त्या लोनसाठी दुसरं लोन. घरी मात्र दर महिन्याला १५ हजार अगदी वेळेवर.

लोअर परळला तू ज्या काचेच्या इमारतींत बसशील, त्यांतल्या बऱ्याचशा गिरण्यांच्या जागेवर उभ्या आहेत. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेले गिरणी कामगार दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि खानावळीत जेवायचे. माझे एक चुलते त्यांतलेच. पगार झाला की पहिले पैसे खानावळीचे, मग खोलीचे, आणि उरलेल्याची मनिऑर्डर. आधी मनिऑर्डर केली तर महिनाअखेर खानावळवालीपुढे तोंड लपवावं लागतं, असं ते म्हणत. तू नेमकी आधी मनिऑर्डर केलीस, तीही पगार हातात यायच्या आत.

मी सांगेन पहिलं वर्ष ६ हजार. म्हणजे बार्शीतून देत होतास त्यापेक्षा ३ हजार कमी! हे वाचून दचकशील. पण तुझ्या दोन वेळच्या जेवणाचा खर्चही बार्शीच्या घरी वाचतो, ते धर. तरी घराला थोडी ओढ लागणारच, मी खोटं बोलणार नाही. म्हणून ‘मुंबईत भागेल का’ याच्या आधी ‘वर्षभर आपल्याला एवढी ओढ सोसेल का’ हे घरात विचार. टेम्पोचा हप्ता आणि नर्सिंगची फी कुठल्या महिन्यात एकत्र येतात ते बाबांबरोबर बसून कागदावर लिही. सोसत असेल तर जा. बार्शीत पाच वर्षांनी तुझा पगार किती होईल हे तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतोस.

उरलेले ४ हजार बँकेत. त्यांना हात लावायचा नाही, बहिणीच्या फीसाठीसुद्धा आधी मला पत्र लिहायचं. (हे गमतीने, पण अगदीच गमतीने नाही.)

सगळ्यात अवघड पहिला महिना. डिपॉझिट १५, भाडं ५, डब्याचे ४ आगाऊ, हातखर्च ५. एकूण २९ हजार, आणि तुझ्याजवळ २२. शिवाय महिन्याच्या अखेरीस रुजू झालास तर तेवढ्या दिवसांचा पगार पुष्कळ ठिकाणी पुढच्या महिन्यात ढकलतात. मी १९९३ साली कराडहून आले तेव्हा २३ तारखेला रुजू झाले होते. पुढचे पाच आठवडे परळच्या आत्याकडे मी किती आग्रहाने वाढून घेतलं, ते आत्या अजून ऐकवते. तेव्हा १ तारीख मागून घे, आणि डिपॉझिट दोन हप्त्यांत चालेल का ते मित्राला विचार.

आईला बोलतं करायचं असेल तर तिला खरा आकडा सांग, साडेपंचवीस. आणि मामांकडे आता मत मागायला जाऊ नकोस, कमी पडणारे ७-८ हजार उसने मागायला जा. काय म्हणाले ते कळव.

– ताई