टोमॅटोवर ॲस्पिरिन फवारावी का?

आपण विचारले आहे की, टोमॅटोच्या खालच्या पानांवर रोग पडल्यावर वरची निरोगी पाने आधीच सावध होतात का, आणि होत असतील तर ॲस्पिरिनची गोळी पाण्यात विरघळवून फवारल्याने तोच परिणाम साधेल का. मी कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकवतो. शिरोळ आणि हातकणंगल्याकडचे शेतकरी यातला दुसरा प्रश्न मला नेहमी विचारतात.

पाने सावध होतात, हे खरे आहे. १९६१ मध्ये फ्रँक रॉस यांनी तंबाखूच्या काही पानांना मोझॅक विषाणूची लागण केली आणि नंतर त्याच झाडाच्या निरोगी पानांवर तो विषाणू सोडला, तेव्हा तेथे डाग लहान पडले. या सावधपणामागे मुख्यतः सॅलिसिलिक आम्ल हे संप्रेरक असते. ॲस्पिरिन त्याचेच जवळचे रसायन आहे आणि १९७९ मध्ये रेमंड व्हाइट यांनी ते तंबाखूच्या पानांत टोचून या विषाणूविरुद्धची प्रतिकारशक्ती वाढवून दाखवली, त्यामुळे आपली कल्पना निराधार नाही.

तरीही मी फवारणीचा सल्ला देणार नाही. सॅलिसिलिक आम्लाचा उपयोग प्रामुख्याने जिवंत पेशींवर जगणाऱ्या रोगजंतूंविरुद्ध होतो. उसावरचा तांबेरा त्याच जातकुळीचा. पान कुरतडणाऱ्या अळीविरुद्ध मात्र झाड जास्मोनिक आम्लावर विसंबते. जाईच्या सुगंधी तेलातही याच कुळातले रसायन असते. अळीने चावा घेतला की टोमॅटोच्या पानांत अशी प्रथिने तयार होतात, ज्यांमुळे अळीला खाल्लेले नीट पचत नाही. हे दोन संदेश बहुधा एकमेकांना दाबतात, आणि ॲस्पिरिन दिल्यास टोमॅटोच्या पानांत ही प्रथिने तयार होणे थांबते, असे प्रयोगांत दिसले आहे.

या वैराचा फायदा रोगजंतूही घेतात, आणि मला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. टोमॅटोच्या पानांवर बारीक काळे ठिपके पाडणारा स्यूडोमोनास हा जिवाणू कोरोनॅटिन नावाचे विष तयार करतो, जे झाडाला जास्मोनिक संदेशासारखेच भासते. त्यामुळे सॅलिसिलिक आम्लाचा मार्ग मंदावतो, आणि जिवाणूची चाहूल लागून मिटलेली पर्णरंध्रे पुन्हा उघडून त्याला आत शिरायला वाट मिळते.

म्हणून आधी रोगट पान कृषी विज्ञान केंद्रात दाखवून रोग ओळखून घ्या. फळ पोखरणारी अळी शेतात असेल, तर ॲस्पिरिन मुळीच फवारू नका.