वडील दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात, फिरायला जा म्हटलं की चिडतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वडील ७३ वर्षांचे आहेत, निवृत्तीनंतर रोज फिरायचे, गेल्या वर्षभरात सगळं सोडलं आणि आता विषय काढला की अंगावर येतात. वाचताना आमचे अण्णाच डोळ्यांसमोर आले. मी डॉक्टर नाही, घरात जे घडलं तेवढं सांगतो.

आम्ही साताऱ्याचे. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावरही पहाटे अजिंक्यतारा किल्ल्याकडे निघायचे, वर नाही तर 'चार भिंती' स्मारकापर्यंत तरी. ७४व्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरला, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत त्यांची सगळी कामं आम्ही वाटून घेतली. दुधाचा रतीब लावला, भाजी बायको आणू लागली, लाइटबिल मी मोबाइलवरून भरू लागलो, पाण्याची मोटर मुलगा लावायचा. प्लास्टर निघालं, पण कामं कुणी परत दिली नाहीत. काही करायला उठले की घरातून कुणी ना कुणी ओरडायचंच, "राहू द्या अण्णा, तुम्ही बसा." ते बसले. वर्षभराने आम्हीच म्हणायला लागलो, "नुसते बसून काय राहता, जरा फिरून या." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "माझं काय काम आहे बाहेर?" मला तो तिरकसपणा वाटायचा. त्यांनी खरी अडचण सांगितली होती, हे कळायला मला फार वेळ लागला.

तर तुमच्या घरी वडिलांकडची कोणकोणती कामं काळजीपोटी काढून घेतली गेलीत, ते आधी आठवून बघा.

पण लगेच पिशवी हातात देऊन बाहेर पाठवू नका. माणूस अचानक हालचाल कमी करतो तेव्हा बऱ्याचदा काहीतरी दुखत असतं किंवा कसली तरी भीती बसलेली असते, आणि ती पिढी तोंडाने सांगत नाही. अण्णा रात्री उठताना भिंत धरून थोडा वेळ उभे राहतात, हे आईने पाहिलं होतं. विचारलं तर म्हणाले, "काही नाही, झोप आहे डोळ्यांवर." डॉक्टरांनी झोपवून बीपी घेतलं तर वरचा आकडा १३८, आणि उभं केल्यावर ११२. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. बीपीची गोळी आणि प्रोस्टेटची गोळी, दोन्ही मिळून हा उद्योग करत होत्या. डॉक्टरांनी डोस बदलला. (आपल्या मनाने गोळी कमी करू नका, आमच्या शेजारच्या काकांनी ते करून पाहिलंय.) आपल्याकडे बीपी कायम बसवूनच मोजतात, म्हणून मुद्दाम सांगा, "उभं करूनही घ्या." जोडीला चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व बघून घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ उतरू शकतं.

मग फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्या बाईंनी एक साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, अण्णांना हातांची घडी छातीवर घालायला सांगितली आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजलं. चार वेळा. त्या वयाच्या पुरुषाला निदान ११ तरी जमायला हवं. ज्या माणसाने आयुष्यभर गाडीखाली आडवं होऊन काम केलं, तो पाचव्या वेळी खुर्चीतून अर्धा उठला आणि परत बसला. कुणी काही बोललं नाही. घरी येताना रिक्षातही नाही.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं चालावं हे सगळ्यांना पाठ असतं. पण जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायामही सांगते, ते कुणाच्या ध्यानात नसतं.

अण्णांना व्यायाम कर म्हटलेलं चाललं नसतं. पण एक गोष्ट त्यांना आतून सलत होती. राज्यात ७५ पूर्ण झालेल्यांना २०२२पासून एसटीचा प्रवास फुकट आहे. वाढदिवस झाल्यावर अण्णा मोठ्या हौसेने आधार कार्ड खिशात घालून स्टँडवर गेले होते आणि परत आले होते. कारण सांगितलं "गर्दी होती". खरं कारण एसटीची पहिली पायरी. ती उंच असते, तिथे पाय टाकून अंग वर ओढता येईना, आणि मागे रांग. एसटीचाच माणूस एसटीत चढू शकला नाही, हे ते कुणाला सांगणार?

मग तीच पायरी धरली. सुरुवातीला घराच्या ओट्याची पायरी, कठडा धरून, रोज दहा वेळा चढ-उतार. सीरियलमध्ये जाहिराती लागल्या की खुर्चीतून हात न लावता उठायचं-बसायचं. स्वयंपाकघरात कट्ट्याला धरून टाचा वर उचलायच्या, चहाला उकळी येईपर्यंत. दुधाचा रतीब मी बंद केला, आईचा आठवडाभर अबोला सोसला, आणि डेअरीवर अण्णा जायला लागले. मंडईतून ते महाग भाजी आणतात. आणू देतो. रात्रीच्या नुसत्या दूध-भाकरीच्या जोडीला उसळ किंवा अंडं आलं, कारण स्नायू हवेत तर प्रथिनं पोटात जायलाच हवीत. बाथरूममध्ये भिंतीला दोन दांडे बसवले, ते खरं तर मनगट मोडायच्या आधी बसवायचे.

काय फसलं तेही सांगतो. मी हौसेने घेतलेलं पावलं मोजणारं घड्याळ शोकेसमध्ये आहे. हास्यक्लबातून ते दुसऱ्याच दिवशी परत आले, "उगाच कोण हसेल?" म्हणत.

चार महिन्यांनी खुर्चीवर नऊ झाले. अकरा अजूनही होत नाहीत. मंगळवारी मात्र वाईला जातात, ढोल्या गणपतीचं दर्शन घेतात, घाटावर बसतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतात. येताना हळद आणतात. घरात आता पाच किलो हळद आहे.