लातूरचं वडिलांचं घर विकायचंय. एजंटला द्यावं की आपणच विकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील गेले, आई लातूरला एकटी, तुम्ही पुण्यात नोकरीला. घर विकायचं ठरलंय, तीन एजंट मागं लागलेत, रविवारी लोक बघायला यायलेत. घर कोणाकडं द्यावं आणि आलेल्यांशी काय बोलावं?

एजंटाचं नंतर सांगते. आधी आईंशी बोलून घ्या.

औसा रोडकडचं आमचं घर आम्ही २०२३ मध्ये विकलं. तीस बाय चाळीसचा प्लॉट, १९९६ चं बांधकाम, वर मागाहून चढवलेल्या दोन खोल्या. ह्यांची ड्यूटी, म्हणून घर दाखवायचं काम माझ्याकडं आणि सासूबाईंकडं. आम्ही ६२ लाख सांगत होतो, एका पार्टीशी बोलणं ५८ पर्यंत आलं होतं. ते नवरा-बायको दुसऱ्यांदा बघायला आले, सोबत एजंट. सासूबाईंनी चहा टाकला. ती बाई म्हणाली, "आजी, घर लई छान ठेवलाव." झालं, सासूबाई विरघळल्या. "काय करावं माय, दिवाळीपर्यंत संभाजीनगरला जायचंय नातवाकडं. तिथल्या फ्लॅटचे हप्ते सुरू झालेत, दोन चुली किती दिवस चालवायच्या?" संध्याकाळी एजंटाचा फोन. पार्टी ५४ म्हणतेय, आणि "तुम्हालाबी दिवाळीच्या आत मोकळं व्हायचंय ना, ताई."

सासूबाईंना बोलून काय उपयोग? उंबरा ओलांडून आलेला माणूस त्यांच्या लेखी पाहुणा, आणि पाहुण्यापासून काय लपवायचं? मग त्यांना एक काम लावून दिलं. कोणी आलं की मागं जाऊन बोअरची मोटर सुरू करायची आणि पाणी दाखवायचं. काम त्यांना आवडलं, आणि मोटरच्या आवाजात गप्पाही होईनात. तुमच्या आईंनाही असं काहीतरी द्या. किती घाई आहे, का विकताय, कुठं जाणार, शेवटचा आकडा किती, एवढं त्यांच्या तोंडून बाहेर जायला नको. सगळ्यात सोपं म्हणजे "पैशाचं मुलगा बोलतो" हे एकच वाक्य. आणि त्या एकट्या असताना कोणालाही घरात घेऊ नका, एजंट कितीही ओळखीचा असो. फोन करून, उजेडी, शेजारचं कोणीतरी घरात बसलेलं असतानाच. किल्ली एजंटाकडं ठेवू नका.

सात महिन्यांत पन्नास-साठ माणसं तरी येऊन गेली असतील. "वा, हवा काय मस्त येते," असं म्हणत फिरलेल्यांतलं एकही पुन्हा आलं नाही. ज्यांनी नावं ठेवली, न्हाणीचा उतार उलटा आहे, जिना अरुंद आहे, गाडी आत वळत नाही, तेच दुसऱ्यांदा आले, तिसऱ्यांदा मेव्हण्याला घेऊन आले. घेणाऱ्यालाच खोट दिसते, कारण उद्या ती त्याच्या गळ्यात पडणार असते. सुरुवातीला मला राग यायचा. नंतर नावं ठेवणारा आला की मी त्याला खुर्ची द्यायला लागले.

लातूरचा माणूस आधी पाणी विचारतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते अजून कोणी विसरलेलं नाही. नळ किती दिवसाला येतो, हौद किती लिटरचा, बोअर किती फुटाचं, मे महिन्यात टिकतं का. खरं काय ते सांगा, कारण तुमच्याकडून निघाला की तो शेजारच्या गेटवर हेच विचारणार. आमचं बोअर मेमध्ये अर्धा तास चालून दम खायचं, तसंच सांगत होतो.

मग कॉलमचा प्रश्न. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीकडं माळवदं माणसांच्या अंगावर बसली. तो भूकंप आठवणारी पिढी अजून घरं घेते आहे, आणि पोरासाठी घर बघायला आलेला बाप हटकून विचारतो, "कॉलमवर हाय का भिंतीवर?" आमच्या सासऱ्यांनी बांधकाम चालू असताना फोटो काढून ठेवले होते. कॉलमच्या उभ्या सळ्या, आणि त्यांच्यामधी चड्डी घालून उभे असलेले ह्यांचे धाकटे भाऊ. तो अल्बम मी टेबलावरच ठेवायला लागले. तुमच्या वडिलांच्या ट्रंकेत सळईची बिलं, नगरपालिकेचा मंजूर नकाशा, असं काही असेल तर या शनिवारी-रविवारी येऊन शोधा. रंग देण्यात पैसे घालण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

तुमचं घर ट्यूशन एरियाच्या आसपास असेल तर आणखी एक जात भेटेल. हे टेप घेऊन येतात. एकानं आमच्या देवघरात किती कॉट बसतात ते मोजलं! नीटच्या पोरांना खोल्या द्यायच्या असतात, त्यांना तुमच्या ओट्याच्या ग्रॅनाईटशी काही देणंघेणं नसतं. बोलणं कोरडं असतं, पण रस्ता आणि क्लासचं अंतर याला ते चांगला भाव देतात, म्हणून वाईट वाटून घेऊ नका. वास्तुवाले मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन येतील. दार दक्षिणेला असेल तर वाद घालू नका, ज्याला चालत नाही त्याला नाहीच चालत. आणि पितृपक्षात फोन वाजला नाही म्हणून घाबरून भाव उतरवू नका, दसऱ्यापासून वर्दळ पुन्हा सुरू होते.

आता एजंट. आमच्याकडं दलाली बोलून ठरते, साधारण दोन्हीकडून एक-एक टक्का. हिशोब करून बघा: घर ६२ ला गेलं तर त्याला तुमच्याकडून ६२ हजार, ५७ ला गेलं तर ५७ हजार. तुमचे पाच लाख गेले तर त्याचे पाच हजार जातात. तेवढ्यासाठी तो आणखी तीन महिने कशाला थांबेल? यात तो वाईट माणूस आहे असं नाही, त्याचं पोट सौदा होण्यावर आहे. म्हणून शेवटचा आकडा त्यालाही सांगायचा नाही. आम्ही सांगितला होता. त्यानंतर आलेली प्रत्येक पार्टी नेमकी त्याच आकड्यापासून बोलायला लागायची.

दोन गोष्टींपासून मात्र दूरच राहा. पहिली: "काका, तुम्हाला हातात किती पाहिजेत तेवढं सांगा, वरचं माझं." ऐकायला बरं वाटतं, दलालीही द्यावी लागत नाही. पण मग तो तुमच्याकडं भाव पाडत बसतो, तिकडं चढवत बसतो, आणि तुमची व घेणाऱ्याची समोरासमोर गाठ पडू देत नाही. दुसरी त्याहून वाईट: स्वतः किंवा आपल्या माणसाच्या नावानं लाख-दोन लाख देऊन इसार पावती, म्हणजे बयाण्याची चिठ्ठी, करून घ्यायची, मुदत सहा महिन्यांची, आणि त्या मुदतीत तुमचं घर पुढं जास्त भावानं फिरवायचं. पुढची पार्टी मिळाली तर "खरेदीखत थेट त्यांच्याच नावानं करून द्या" म्हणतो. नाही मिळाली तर मुदत वाढवून मागतो, आणि दुसऱ्याला विकायला गेलात तर पावती दाखवून दाव्याची भीती घालतो. तेव्हा इसार घ्यायचा तर खऱ्या घेणाऱ्याकडून, मुदत कमी ठेवून, मुदत चुकली तर काय ते लिहून. रक्कम मोठी असेल तर वकिलाकडून साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, करून दुय्यम निबंधकाकडं नोंदवूनच. कोऱ्या पावतीवर आईंची सही किंवा अंगठा घेऊ देऊ नका.

एजंट महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर दाखवून भाव खाईल. ती नोंदणी महारेरात नोंदवलेल्या प्रकल्पांतली घरं विकण्यासाठी असते. तुमच्या वडिलांच्या जुन्या घराच्या सौद्याला तिचा काही संबंध नाही, तिच्यावर भरवसा टाकू नका.

मग एजंट नकोच का? तुमच्यासारख्याला हवा. पुण्यात बसून पन्नास फोन घेणं होत नाही, आणि घासाघीस तिसऱ्याच्या तोंडून झालेली बरी, दोन्हीकडची तोंडं गोड राहतात. तिघांना देऊ नका. तिघंही एकाच माणसाला तीन भाव सांगतात आणि घराची बोली उतरते. एकट्याच्याच हवाली करून सहा महिन्यांचा करारही करू नका. दोघांना द्या, दोघांनाही एकच भाव सांगा. कोणते दोघं? जे घरात पाऊल टाकल्याटाकल्या "माझ्याकडं पार्टी तयारच आहे" म्हणतात ते नकोत. आमचं घर शेवटी ज्यानं विकलं तो पहिल्या दिवशी मला अजिबात आवडला नव्हता. चहा घेतला नाही, सरळ जिना चढला आणि विचारलं, "ह्या वरच्या दोन खोल्यांची परवानगी हाय का, वैनी?" नव्हती. बाकीचे म्हणाले होते, काही होत नाही, सगळ्यांचंच तसं असतं. हा म्हणाला, गिऱ्हाईक बँकेचं कर्ज काढणार, बँकेचा माणूस नकाशा बघणार, आणि त्या दोन खोल्या धरणार नाही. त्यानं सांगितलेलं तसंच्या तसं झालं. फक्त ते आम्हाला आधीच माहीत असल्यामुळं ऐन वेळी भाव पडला नाही. ५७ ला सौदा झाला.

हाच माणूस तुम्हाला भेटला असता तर त्यानं पहिला प्रश्न विचारला असता, बहिणी किती? घर वडिलांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं आई, तुम्ही आणि तुमच्या बहिणी, सगळ्यांचा सारखा हिस्सा. लग्न झालेल्या बहिणींचाही. वडिलांची आई, म्हणजे तुमच्या आजी, वडील गेले तेव्हा हयात असतील तर त्यांचाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर, किंवा प्लॉट सातबाऱ्यावरचा असेल तर त्यावर, वारसांची नावं लागल्याशिवाय घर दाखवायलाही काढू नका. नांदेडची बहीण सहीला येत नाही म्हणून अडकलेले सौदे लातूरला गल्लोगल्ली सापडतील, आणि बहिणीची चूक असतेच असं नाही, कित्येकदा तिला विचारलेलंच नसतं.

कागदांच्या मूळ प्रती कोणाच्याही हातात द्यायच्या नाहीत. झेरॉक्स द्या, तिच्यावर आडवं लिहा: फक्त पाहण्यासाठी, तारीख, नाव. घरपट्टी, नळपट्टी, लाइटबिल भरून पावत्या एका फाइलीत लावा.

"थोडं रोख, थोडं चेक" हे बोलणं येणारच. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्या हातावर, म्हणजे तुमच्यावर, तेवढाच दंड बसू शकतो. सौदा ५० लाख किंवा त्यावर असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापून भरतो, त्यानं पैसे खाल्ले असं समजून भांडू नका. आमच्या ह्यांनी भांडण केलं होतं. कराचं बाकीचं सीएला विचारा, इसार घ्यायच्या आधी विचारा.

दलाली खरेदीखताच्या दिवशीच, आधी एक रुपया नाही. आणि घर रिकामं करून द्यायची तारीख खरेदीखतात लिहून घ्या. आम्ही पंधरा दिवस घेतले होते, ते कमी पडले. आईंसाठी महिनाभर तरी मागा.