आवाजावर चालणारं गॅरेजचं दार: सुरुवातीला एवढंच

भाऊ, आवाजाने गॅरेजचं दार उघडायची तुमची कल्पना छान आहे आणि पहिल्या प्रोजेक्टला झेपेल अशी आहे. फक्त आवाजाचा भाग सगळ्यात शेवटी घ्या. आधी मोबाइलवरच्या बटणाने दार चालू द्या.

ईएसपी8266 चा नोडएमसीयू बोर्ड (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर) आणि एक रिले मॉड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) पुरे, नागपुरात बर्डीवर मिळून जाईल. मोटरच्या 230 व्होल्टच्या तारांना हात लावायचा नाही. भिंतीवरच्या बटणाला समांतर रिले जोडा आणि अर्धा सेकंद चालू करून सोडा. शटरची मोटर असेल तर त्या बटणावरच 230 व्होल्ट असू शकतात, म्हणून वायरमनकडून तपासून घ्याच.

नवीन माणूस हमखास चुकतो तो रिले बोर्डाच्या कोणत्या पिनेला जोडायचा ते निवडताना. डी3, डी4, डी8 या पिनांचा बोर्ड सुरू होताना वेगळा उपयोग असतो. तिथे रिले लावला तर लाइट जाऊन आली की दार आपोआप उघडू शकतं, तेही तुम्ही घरी नसताना! डी1 किंवा डी2 घ्या. दार जोडण्याआधी प्लग वारंवार काढून-लावून रिले आपोआप टिक वाजतो का ते ऐका; वाजायला नको.

आणखी तीन गोष्टी:

- दाराला रीड स्विच (चुंबकाने चालणारा, दार उघडं की बंद ते सांगणारा) लावा. नाहीतर उघडायला-बंद करायला बटण एकच असल्याने ‘बंद कर’ म्हटल्यावर बंद दार उघडेल.
- खाली लेकरू आलं तर दार थांबवणारा फोटो सेन्सर हवाच.
- आवाजाने उघडताना गुप्त क्रमांक विचारला जावा, नाहीतर खिडकीबाहेरूनही कोणी हुकूम सोडेल.

बोर्ड पत्र्याला चिकटवू नका, मे महिन्यात तो पत्रा भाजतो. प्लास्टिकची डबी सावलीत लावा. मोबाइलच्या बटणाने रिले नीट वाजू लागला की सांगा, पुढचं जोडणीचं बघू.