गांधीनगरला ‘अनुभव म्हणून’ जाऊ नकोस

तू वयानं लहान दिसतोस म्हणून एकेरीवर येतो, राग मानू नकोस. तुझी पोस्ट वाचली: बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत बीएस्सीचं शेवटचं वर्ष, एएफकॅट, म्हणजे हवाई दलाची लेखी परीक्षा, पास झालायस, घरी पन्नास लाख नाहीत आणि शेवटी जायचंय एअरलाइनमध्ये पायलट म्हणून, तेही पदरचे पैसे न घालता, तर कसं? इथवर सगळं ठीक. पण तुझी शेवटची ओळ वाचली आणि हातातला चहा तसाच गार झाला: ‘पुढच्या महिन्यात गांधीनगरला हवाई दलाच्या निवड मंडळापुढे अनुभव म्हणून जाऊन येतो, नाही झालं तर पुढच्या वेळी तयारीनं जाईन.’

अरे बाबा, मुलाखत आणि गटचाचण्या पुन्हा देता येतात. सीपीएसएस, म्हणजे वैमानिक निवडीची ती कॉम्प्युटरवरची चाचणी, आयुष्यात एकदाच. नापास झालास की हवाई दलाची फ्लाइंग शाखा कायमची बंद. नौदलात पायलट म्हणून जायची वाटही त्याच चाचणीपाशी अडते. हे अधिसूचनेत स्वच्छ लिहिलेलं असतं. मीही वाचलं होतं, पण परीक्षेच्या आदल्या रात्री विमा पॉलिसी वाचावी तसं.

मला क्लासवाल्या सरांनी सांगितलं होतं, ‘एक वार जई आवो ने, अनुभव मळशे.’ क्लासचं नाव घेत नाही, बोर्डावर अजून त्यांच्या ‘निवड झालेल्यां’चे फोटो आहेत. या लोकांचा सगळा जोर मुलाखतीवर. कसं बसायचं, टाय कुठवर हवा, छंद कोणते सांगायचे. त्या चाचणीच्या मशीनबद्दल पाच मिनिटं. कारण मशीन त्यांनी स्वतः कधी पाहिलेलंच नसतं.

आणि गंमत बघ, निवड मंडळानं मला पसंत केलं होतं. बरोबरची मुलं बॅगा उचलून स्टेशनला गेली, आम्ही मोजके उरलो. मग ती चाचणी. समोर पडदा, मध्ये चौकोन आणि एक ठिपका जो क्षणभर स्वस्थ बसत नाही. हातात स्टिक, पायाखाली पॅडल. ठिपका चौकोनात ठेवायचा. मध्येच दिवा लागतो, मध्येच बीप वाजतो, तेही त्याच वेळी दुसऱ्या हातानं बंद करायचं. मी मुलाखतीसाठी मंगळ बाजारातून घेतलेले जाड तळव्याचे नवे बूट तसेच घालून बसलो. पॅडल किती दाबलं गेलं हे पायाला कळेचना. ठिपका डावीकडे गेला की मी दाणकन उजवीकडे, तो उजवीकडे गेला की दाणकन डावीकडे. थोडक्यात, ठिपका मला चालवत होता. डायल वाचायच्या भागात आधी दिलेली माहिती मी वरवर चाळली होती, कारण ‘फिजिक्सवाल्याला काय अवघड’. संध्याकाळी गांधीनगरहून परत निघालो तेव्हा वाटलं, पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ नसते, हे डोक्यात शिरायला अहमदाबाद उजाडलं.

त्याची किंमत? पुढे सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, त्यासाठी दोनशे तास उड्डाण, वर टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवायची पात्रता, सगळं कर्जानं. दांडिया बाजारातलं आमचं घर अजून बँकेकडे तारण आहे. आज मी एअरलाइनमध्ये उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या सीटवर बसतो आणि महिन्याच्या पाच तारखेला त्या ठिपक्याचा हप्ता भरतो.

आता तुझा मूळ प्रश्न. आपल्याकडे एअरलाइनच्या जाहिरातीतल्या ‘कॅडेट पायलट’ प्रशिक्षणाला भुलू नकोस. टाइप रेटिंगसकट आकडा कोटीच्या आसपास जातो आणि जातो तो बापाच्या खात्यातून. ब्रिटिश एअरवेजनं २०२३मध्ये खर्च स्वतः उचलणारी योजना काढली हे खरं, पण ब्रिटनमध्ये राहून काम करायचा हक्क आधी हवा. राखीव प्रवर्गात बसत असशील तर आपल्या गुजरात सरकारचं ४ टक्क्यांचं पायलट-कर्ज बघ. पण ते कर्जच, बक्षीस नव्हे. म्हणजे खरोखर फुकट शिकवतं ते सैन्यच, आणि तेही वर्षं मागतं. त्यात गैर काही नाही. आपल्याच बडोद्यात सयाजीरावांनी १९१३मध्ये आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली तेव्हा दहा वर्षं नोकरीचा करार होताच. (ती नोकरी या गावानं त्यांना धड करू दिली नाही, त्याबद्दल आपण सगळ्यांनी खाली मान घालावी. असो.)

एएफकॅटमधून फ्लाइंगला गेलास तर चौदा वर्षांचं कमिशन. बाहेर पडशील तेव्हा सदतीस-अडतीसचा असशील, एअरलाइनमध्ये पासष्टपर्यंत उडवता येतं. डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक खात्याचे काही पेपर द्यावे लागतात, पण उड्डाणाचे तास खिशात असतात. मात्र फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर, हे तू ठरवत नाहीस, आणि हेलिकॉप्टर आलं तर एअरलाइनची वाट बरीच लांबते. शिवाय, हे माझं वैयक्तिक मत, नुसती एअरलाइनची शिडी म्हणून वर्दी घालायची असेल तर जाऊ नये. चौदा वर्षं म्हणजे काही वेटिंग लिस्ट नव्हे. मी स्वतः वायुदलात नव्हतो, तेव्हा हे ऐकीव धर. नियमही बदलतात, ताजी अधिसूचना ओळ न ओळ वाच.

गांधीनगरची तारीख आता निवडता येते म्हणतात, तर लांबची घे. घरी भिंतीला टेकून मोजमाप कर: उंची १६२.५ सेंटीमीटर आणि पायाची लांबी किमान ९९ हवी. नेहमीचा चष्मा असेल तर हा सगळा खटाटोपच सोड. एअरलाइनला चष्मा चालतो, हवाई दलाच्या फ्लाइंगला नाही. सरावानं फरक पडतो की नाही यावर लोक भांडतात. मला विचारशील तर पडतो. निदान हातपाय दाणकन चालायचे थांबतात.

माझी जॉयस्टिक आणि पॅडल माळ्यावर पडून आहेत. नापास झाल्यावर घेतली होती, अक्कल यायची वेळ बघ. घर तारण असलं तरी माळा अजून आपलाच आहे. निरोप टाक, पत्ता कळवतो. आई दुपारी चारनंतर असते, सेव उसळ खाल्ल्याशिवाय सोडणार नाही. डाव्या पॅडलची स्प्रिंग जरा सैल आहे, तेवढी बदलून घे. आणि पातळ तळव्याचे बूट.